प्रभाग रचनेवर हरकत नोंदवण्याची सेवा: पाचपैकी अडीच तारे

शुल्क नाही. फॉर्म नाही, साधा अर्ज चालतो. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण २०२५ च्या पावसाळ्यात राज्यातल्या बहुतेक महापालिकांत हेच चाललं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ ला सांगितलं की चार महिन्यांत स्थानिक निवडणुका घ्या. झालं, वर्षानुवर्षं प्रशासकावर चाललेल्या महापालिकांना प्रभागांच्या सीमा आखायची एकदम घाई सुटली.

आधी चांगलं सांगते. वेबसाइटवरच्या नकाशात स्वतःची गल्ली शोधणं म्हणजे तांदळातले खडे वेचणं, पण क्षेत्रीय कार्यालयाच्या भिंतीवरचा मोठा नकाशा झकास होता. तिथल्या कर्मचाऱ्याने पट्टी टेकवून सीमा दाखवली: नाला, मग डीपी (विकास आराखड्यातला) रस्ता, मग रेल्वेची भिंत. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोचही लगेच दिली. याचा एक तारा पूर्ण.

मी आमच्या सोसायटीची सेक्रेटरी. सीमा आमच्याच दोन विंगांच्या मधल्या रस्त्यावरून गेलेली. पाण्याची टाकी एक, कचऱ्याची गाडी एक, नगरसेवक मात्र वेगवेगळे! आता गंमत बघा. प्रभागाची लोकसंख्या सरासरीच्या दहा टक्के वर-खाली चालते, आणि ती मोजायची २०११ च्या जनगणनेवरून. २०२१ ची झालीच नाही ना. आमच्या सोसायटीचा ताबा २०१४ चा. २०११ मध्ये इथे ऊस उभा होता. म्हणून मी अर्जात लिहिलं की बी विंग पलीकडच्या प्रभागात टाकलीत तर तुमच्या आकड्यात एका माणसाचाही फरक पडणार नाही, कारण कागदावर आम्ही नाहीच.

सुनावणीला बाहेरून नेमलेले प्राधिकृत अधिकारी होते. हॉल खच्चून भरलेला, बहुतेक इच्छुक उमेदवार आणि त्यांची माणसं, एकसारख्या मजकुराचे अर्ज गठ्ठ्याने. माझा नंबर आला तेव्हा साहेब हसले, म्हणाले, ‘‘मॅडम, मुद्दा बरोबर आहे.’’ आणि लिहूनही घेतला. बोलायला मिळालं दोन-तीन मिनिटं, पण कोणी तोडलं नाही. दुसरा तारा इथला.

अंतिम रचना आली. सीमा तिथल्या तिथे. प्रभागाचं नाव तेवढं बदललं, तेही आम्ही मागितलं नव्हतं. हरकत अमान्य, पण का, ते एका ओळीतही नाही. राजपत्रात नवीन सीमा येते. माझ्या मुद्द्याचं काय झालं ते कुठेच येत नाही. रस्ता ही ठळक सीमा म्हणून ठेवली असेल किंवा प्रगणक गट, म्हणजे जनगणनेसाठी पाडलेला घरांचा गट, फोडायचा नसेल, दोन्ही कारणं मला पटली असती. मी बँकेत होते तेव्हा साधं कर्ज नाकारलं तरी आम्ही अर्जदाराला कारण कळवत होतो.

मुख्य प्रश्न तर या खिडकीवर विचारतच नाहीत. एका प्रभागात चार नगरसेवक हवेत की एक? मुंबईत २२७ प्रभाग आणि प्रत्येकी एक नगरसेवक; आमच्याकडे चार, म्हणजे मतदाराने चार बटणं दाबायची आणि गटार तुंबलं की चौघांनी एकमेकांकडे बोट दाखवायचं. हा आकडा मंत्रालयात ठरतो, आमच्याकडे फक्त रेघ येते. मागच्या वेळी तीन सदस्यांची रचना झाली होती, तिच्यावरही रीतसर हरकती घेतल्या, मग अख्खी रचनाच बासनात गेली.

पुण्यात फुरसुंगी आणि उरुळी देवाची २०१७ ला महापालिकेत आली, मिळकतकरावरून तिथे असंतोष पेटला, आणि २०२४ ला दोन्ही गावं बाहेर पडून त्यांची वेगळी नगर परिषद झाली. ते काही असल्या अर्जाने झालं नाही.

उरलेला अर्धा तारा मी पट्टीवाल्या त्या मुलाला देते.

कोणी वापरावी? ज्यांचा वाद एका नाल्यापुरता आहे त्यांनी जरूर. अर्जात प्रगणक गटाचा क्रमांक आणि त्याची लोकसंख्या लिहा, नुसतं ‘आमची गैरसोय होते’ लिहिलेले अर्ज तिथे मिनिटभरात निकालात निघत होते. आणि नकाशा वेबसाइटवर बघू नका, भिंतीवरचा बघा, जमलं तर दुपारच्या जेवणाच्या सुट्टीनंतर.