मेथाडोन की बुप्रेनॉर्फिन?

धाकटा भाऊ गर्द सोडायला ओएसटी केंद्रात (तिथे गर्दच्या जागी मेथाडोन किंवा बुप्रेनॉर्फिन हे पर्यायी औषध देतात) जातो, पण अधूनमधून ओढतोच, वर झोपेसाठी अल्प्राझोलम. औषध बदलावं का, असं एका ताईंनी विचारलं.

तलफ आवरायला दोन्ही चालतात; उपचारात माणूस टिकवायला मेथाडोन उजवं. पण गर्द सुरू राहण्याचं एक नेहमीचं कारण डोस कमी पडणं हे असतं. मेथाडोन हळूहळू वाढवत बहुतेकांना 60 ते 120 मिलिग्रॅमवर न्यावं लागतं, बुप्रेनॉर्फिन निदान 8 वर. आधी डॉक्टरांना तेच विचारा.

सुरक्षिततेत बुप्रेनॉर्फिन पुढे, कारण एका मर्यादेनंतर त्याचा श्वासावरचा परिणाम फारसा वाढत नाही. मात्र सोबत अल्प्राझोलम किंवा दारू आली की ही ढाल गळून पडते, आणि मेथाडोनबरोबर तर धोका आणखी मोठा. मला विचाराल तर खरी काळजी त्या झोपेच्या गोळीची. (ती एकदम बंद करू नका, झटके येऊ शकतात.)

सोय? बुप्रेनॉर्फिन भारतात जास्त केंद्रांत मिळतं, पण गर्द अंगातून उतरायच्या आत सुरू केलं तर त्रास उसळतो.

गोळ्या-दारू सुटत नसतील तर बुप्रेनॉर्फिन बरं. त्याचा पुरेसा डोस घेऊनही गर्द थांबत नसेल आणि रोज केंद्रात जाणं जमणार असेल, तर मेथाडोन.