लग्नानंतर चित्रं कुठे काढायची: सासरच्या घरात की वेगळ्या खोलीत?

जळगाव-धुळ्याकडे चित्रकार मुलीचं लग्न ठरलं, की ‘संसार की कला’ असा प्रश्न घातला जातो. नवऱ्यावर जीव आहे आणि चित्रंही सोडायची नाहीत, तर आधी हे ठरवा: ईझल (चित्र टेकवायचा स्टँड) कुठे उभा राहणार आणि त्या दाराची किल्ली कुणाकडे असणार.

सासरी धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं घर असेल तर मे महिन्यातही आत गारवा असतो. पण धाब्याची माती गळते आणि ओल्या ऑइल रंगात रुतून बसते. कॅनव्हासच्या वर जुनी चादर ताणून बांधा. ब्रश धुवायचं टर्पेंटाइन लगेच पेट घेतं, त्याचा वासही घरभर होतो. त्याऐवजी ब्रश जवसाच्या तेलात खळबळून साबणाने धुवा. तेलाच्या फडक्यांचा बोळा मात्र कोपऱ्यात कधीच टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं, बोळ्यात ती उष्णता कोंडते आणि फडकं आपोआप पेटू शकतं. पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून, वर झाकण लावून ठेवा.

घरात हाक आली की उठावंच लागतं. ऑइल तसंच सोडता येतं, बहुतेक रंग दुसऱ्या दिवशीही ओले असतात. ॲक्रिलिक आपल्या उन्हाळ्यात पॅलेटवरच काही मिनिटांत आवळतं; कुरडया-पापडाच्या दिवसांत ते हाती घेऊ नका.

वेगळ्या खोलीत सलग तीन तास मिळतात, आणि आमच्या मते सगळा फरक तिथेच पडतो. दहा बाय दहा पुरे, खिडकी उत्तरेची हवी; तो उजेड दिवसभर फारसा बदलत नाही. पत्र्याची खोली स्वस्त पडते, पण एप्रिल-मेत तिथे काम सकाळी सहा ते दहाच. खोली घरापासून चालत जाण्यासारखी बघा. लांब असली तर पाहुण्यांच्या पहिल्याच वर्दळीत जाणं सुटतं. भाडेकरार तुमच्या नावावर, भाडं तुमच्या खात्यातून.

भाडं झेपत नसेल तर घरातलीच खोली घ्या, पण तिला कुलूप हवं. धान्याच्या कोठ्या तिथे आल्या की खोली गेलीच म्हणून समजा.

कुठेही बसलात तरी चित्रावरची सही बदलू नका. लग्नानंतर नाव बदलणं कायद्याने सक्तीचं नाही. अमृता शेर-गिलने 1938 मध्ये व्हिक्टर इगनशी लग्न केलं, तरी चित्रकार म्हणून नाव शेर-गिलच राहिलं.

हे सगळं साखरपुड्याआधी बोला, त्याच्याशी आणि सासूबाईंशीही. ‘जागेचं नंतर बघू’ असं उत्तर आलं, तर त्याच बैठकीत खोली दाखवायला सांगा.