थंड दगडखाणीतील डायव्हिंग: सेमी-ड्राय की ड्रायसूट, आणि रेग्युलेटर कोणता?

तारकर्ली, मालवण किंवा गोव्याच्या समुद्रात स्कूबा शिकून पुढे नोकरी-शिक्षणासाठी ब्रिटनमध्ये गेलेल्या मराठी डायव्हरला तेथे साहित्याची निवड जवळजवळ नव्याने करावी लागते, कारण तिथला बराचसा सराव समुद्रात नव्हे, तर पाणी भरलेल्या जुन्या दगडखाणींत होतो. लेस्टरशायरमधील स्टोनी कोव्ह ही ग्रॅनाइटची खाण आहे, लँकेशायरमधील केपर्नरे चुनखडीची, तर वेल्समध्ये लॅनबेरिसची व्हिव्हियन स्लेटची. हिवाळ्यात या खाणींचे पाणी ४-५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरते. उन्हाळ्यात वरचा थर १८ अंशांच्या आसपास पोहोचला, तरी थर्मोक्लाइन (जिथे पाणी एकदम गार होते तो थर) ओलांडताच तो दिलासा संपतो, कारण गोडे पाणी ४ अंशांना सर्वांत जड असते आणि गार पाणी तळाशीच साचून राहते. म्हणून जुलैतल्या वरच्या पाण्याकडे पाहून खरेदी करू नये. आपण कोणत्या महिन्यांत आणि किती खोल उतरणार, हे आधी ठरवावे.

सूटच्या बाबतीत खरी निवड ७ मिलिमीटरचा सेमी-ड्राय (पाणी अगदी थोडे आत घेणारा जाड वेटसूट) आणि ड्रायसूट (पाणी आत न येऊ देणारा, हवा भरायचा सूट) यांच्यात आहे. तारकर्लीला पुरणारा ३ मिलिमीटरचा वेटसूट येथे विचारातही घेऊ नये. सेमी-ड्राय स्वस्त आहे, त्यासाठी वेगळे प्रशिक्षण लागत नाही, आणि मे ते सप्टेंबर या काळात स्टोनी कोव्हच्या ६ मीटरच्या टप्प्यावर अर्धा-पाऊण तास फिरणाऱ्यास तो पुरेसा आहे. त्याची अडचण खोलीवर सुरू होते. सूटच्या निओप्रीनमधील, म्हणजे फेसाळ रबरातील, वायूचे बुडबुडे दाबाखाली आकसतात. २० मीटरवर, म्हणजे २००० साली तेथे बुडवलेल्या ‘स्टेनगार्थ’ या टगबोटीपाशी, दाब पृष्ठभागाच्या तिप्पट झालेला असतो, आणि पाणी सर्वांत गार असते नेमके तिथेच सूट पातळ होतो. शिवाय बाहेर आल्यावर ओला सूट वाऱ्यात अंगातली उरलीसुरली ऊब काढून घेतो, त्यामुळे दिवसातला दुसरा डाइव्ह बहुतेक जण मनापासून करत नाहीत.

ड्रायसूट सेमी-ड्रायच्या साधारण तिप्पट किंवा त्याहून महाग पडतो. त्यात हवा भरणे आणि सोडणे स्वतंत्रपणे शिकावे लागते. पाय वर होऊन हवा पायांकडे धावली, तर शरीर अनियंत्रित वेगाने वर खेचले जाऊ शकते, त्यामुळे प्रशिक्षकाशिवाय तो घालून पाण्यात उतरणे अयोग्य आहे. मात्र वर्षभर डायव्हिंग करायचे असेल, तर माझ्या मते दुसरा पर्यायच नाही. त्यातही दोन प्रकार आहेत. मेम्ब्रेनचा, म्हणजे ट्रायलॅमिनेट कापडाचा सूट हलका असतो, लवकर वाळतो आणि दुरुस्तीला सोपा असतो, पण त्याला स्वतःची ऊब जवळपास नसते. सारी भिस्त आतल्या अंडरसूटवर राहते. निओप्रीनचा ड्रायसूट अंगाबरोबर ताणला जातो आणि पाणी शिरले तरी थोडी ऊब राखतो, परंतु तो जड आहे, वाळायला वेळ घेतो, आणि साध्या निओप्रीनचा असल्यास खोलीवर आकसण्याचा दोष त्यालाही चुकत नाही. ज्याला पुढेमागे सुट्टीत गार समुद्रातही जायचे आहे, त्याने मेम्ब्रेन घ्यावा: अंडरसूट बदलला की तोच सूट वेगवेगळ्या तापमानांना चालतो.

सूट चुकला तर माणूस कुडकुडतो. रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधील हवा श्वासाजोग्या दाबावर आणणारे साधन, चुकला तर श्वासाचाच प्रश्न येतो. सिलिंडरमधील २०० बार दाबाची हवा फर्स्ट स्टेजमध्ये (रेग्युलेटरच्या सिलिंडरवर बसणाऱ्या भागात) एकदम १० बारच्या आसपास उतरते आणि प्रसरणामुळे तिचे तापमान शून्याच्या बऱ्याच खाली जाते. समुद्राचे पाणी उणे २ अंशांच्या जवळ गोठते, गोडे पाणी शून्यालाच. म्हणून ४ अंशांच्या खाणीत फर्स्ट स्टेजभोवतीच्या पाण्याचे बर्फ व्हायला फारसे काही लागत नाही. झडप उघडी राहून अडकली की फ्री-फ्लो, म्हणजे हवेचा न थांबणारा झोत, सुरू होतो आणि सिलिंडर काही मिनिटांत रिकामे होऊ शकते. युरोपीय मानक ईएन २५० नुसार, थंड पाण्याच्या चाचणीत न बसणाऱ्या रेग्युलेटरवर ‘>१०°से’ अशा अर्थाची, म्हणजे १० अंशांहून गार पाण्यासाठी नसल्याची, खूण असते. ती दिसली, तर किंमत कितीही आकर्षक असो, तो येथे घेऊ नये. बंदिस्त चेंबरचा डायफ्रॅम (लवचीक पडद्याचा) प्रकार आणि न झाकलेला पिस्टन (दट्ट्याचा) प्रकार यांत येथे पहिलाच निवडावा, कारण त्याच्या स्प्रिंगपर्यंत पाणी पोहोचत नाही. उष्ण समुद्रात पिस्टन रेग्युलेटर उत्तम चालतो, यात शंका नाही. पण तो गुण येथे कामाचा नाही. सेकंड स्टेजमध्ये (तोंडात धरायच्या भागात) धातूचा भाग जास्त असेल तर भोवतालच्या पाण्याची ऊब आत पोहोचायला मदत होते.

उत्तम रेग्युलेटरही गोठू शकतो. त्यामुळे दोन झडपांचे सिलिंडर आणि त्यावर दोन स्वतंत्र फर्स्ट स्टेज, ही मांडणी खर्चिक असली तरी २० मीटरच्या खाली नेहमी जाणाऱ्याने ती करावी. गोठलेली बाजू बंद करून दुसरीवर श्वास घेता येतो. पृष्ठभागावर गार हवेत रेग्युलेटरमधून श्वास घेऊन पाहणे आणि श्वास घेत असतानाच तरंगण्यासाठीच्या जॅकेटमध्ये हवा भरणे, या दोन्ही सवयी मात्र कोणत्याही मांडणीत सोडाव्याच लागतात.

सिलिंडर पोलादी १२ लिटरचे घ्यावे. ॲल्युमिनियमचे रिकामे होताना तरंगू पाहते, आणि त्याची भरपाई शिशाने करावी लागते. वजनाचा हिशेब थोडा फसवा आहे: समुद्राच्या पाण्यापेक्षा गोडे पाणी सुमारे अडीच टक्के हलके असल्याने, साहित्यासह १०० किलो भरणाऱ्यास तेच कपडे घालून येथे साधारण अडीच किलो शिसे कमी लागेल, पण ड्रायसूट आणि जाड अंडरसूट यांतील हवा त्याहून जास्त मागून घेते. म्हणून समुद्रातला आकडा वापरू नये, काठाजवळ कमी पाण्यात तोलून पाहावे.

हूड जाड असावा. हातमोज्यांत ५ मिलिमीटरचे ओले (पाणी आत येऊ देणारे) मोजे उन्हाळ्यापुरते ठीक. हिवाळ्यात कोरडे मोजे घ्यावेत, कारण बधिर बोटांनी झडप फिरवता येत नाही. पैसे एकदम सर्व गोष्टींवर घालता येत नसतील, तर रेग्युलेटर आधी विकत घ्यावा आणि ड्रायसूट पहिल्या हंगामात भाड्याने वापरावा. फिन (पायांत घालायची वल्ही) मात्र ड्रायसूट ठरल्यावरच घ्याव्यात. त्याचे बूट मोठे असतात आणि सेमी-ड्रायसोबत घेतलेल्या फिन त्यांवर बहुधा चढत नाहीत.