आखलेला पट, नाचाचा व्हिडिओ की मोकळं खेळणं?

तीन ते सहा वर्षांचं मूल भरपूर हलावं आणि खेळता खेळता थोडं शिकावंही, असं वाटत असेल तर तीन वाटा समोर येतात. जमिनीवर आखलेले अंक-अक्षरांचे खेळ, पडद्यावर बघून करायचे नाच-कवायती आणि कुणी काहीच न शिकवता दिलेलं मोकळं खेळणं. निवडताना मी दोनच गोष्टी बघते: दहा मिनिटांतली किती मिनिटं मूल खरंच हललं, आणि जे शिकायचं ते त्या हालचालीत होतं का.

हललं म्हणजे किती? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार तीन-चार वर्षांच्या मुलाची दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल व्हावी, त्यातली निदान ६० मिनिटं चांगली जोरकस. हा हिशेब मांडला की मोकळ्या खेळण्याचं पारडं आपोआप जड होतं. पकडापकडी, चढणं, लोळणं यांत मिनिटं न मोजता भरतात. अंक-अक्षरं मात्र त्यातून हुकमी येत नाहीत.

तिथे आखलेला पट कामाला येतो. खडूने शून्य ते दहा घरं काढायची. माझ्या भाचीला म्हटलं, "तीनवर उभी राहा, आता दोन उड्या पुढे." तिने उभ्या घरालाच 'एक' म्हटलं, एक उडी मारली आणि चारवर थांबली. कागदावर ही चूक समजावताना मी थकले होते. इथे एवढंच सांगितलं, "पाय उचलला तरच मोजायचं." ती मागे गेली, दोनदा उडाली आणि पाचवर पोचून खाली बघत राहिली. बेरीज म्हणजे जिथे आहोत तिथून पुढे जाणं, हे तिला पायांनी कळलं. (लंगडीची घाई नको, ती साधारण चौथ्या वर्षी जमते. त्याआधी दोन्ही पायांनीच उडू द्या.)

पटाचा दोष म्हणजे रांग. चार मुलं आणि एकच पट असेल तर तिघं नुसती उभी. अशा वेळी 'घ' आणि 'ध'च्या चिठ्ठ्या समोरासमोरच्या भिंतींवर लावा आणि अक्षर पुकारा, सगळी एकदम धावतात. दुसरा दोष आपला, मोठ्यांचा. "चुकलास, परत ये" सुरू झालं की खेळाची परीक्षा होते आणि मूल खेळायलाच नको म्हणतं.

व्हिडिओ अडचणीच्या दिवशी ठीक: जागा कमी असते, आपण दमलेले असतो. पण दोन गाण्यांनंतर मूल थबकून नुसतं बघत राहतं, आणि पडदा त्याच्यासाठी थांबत नाही. त्याच सूचनांत दोन ते चार वर्षांसाठी बसून पडदा बघण्याची मर्यादा दिवसाला एक तास आहे. मूल बसलं की व्हिडिओ त्या तासात जमा धरा. लावायचाच तर सोबत स्वतः नाचा.

मी ठरवताना आधी मोकळ्या खेळण्याची वेळ राखून ठेवते आणि तिला हात लावत नाही. एकच मूल असेल तर वर दहा मिनिटं पट, चारपाच असतील तर चिठ्ठ्यांची धावाधाव. आणि आकडे सोडून ते खडूच्या रेघेवरून हात पसरून तोल सांभाळत चालायला लागलं, तर बेरीज उद्यावर टाका.