‘आय लव्ह लुसी’च्या पहिल्या पर्वाचा ब्लू-रे संच

अमेरिकन विनोदी अभिनेत्री लुसिल बॉल यांचे नाव आपल्याकडे पुष्कळांनी ऐकलेले असते; पण त्यांचे काम पाहिले असलेच तर ते यूट्यूबवरच्या तीन-चार मिनिटांच्या तुकड्यांतून. सीबीएस या अमेरिकन दूरचित्रवाणी कंपनीने 2014 मध्ये ‘अल्टिमेट सीझन 1’ या नावाने काढलेला, त्यांच्या ‘आय लव्ह लुसी’ या विनोदी मालिकेचा ब्लू-रे संच ही उणीव चांगल्या रीतीने भरून काढतो. 15 ऑक्टोबर 1951 रोजी सुरू झालेल्या पहिल्या पर्वाचे सर्व 35 भाग आणि त्याआधीचा चाचणी भाग त्यात आहेत. कृष्णधवल चित्र इतके स्वच्छ आहे की बॉल यांनी साकारलेल्या लुसीच्या भुवईची हालचालही नजरेतून सुटत नाही.

ही स्वच्छता केवळ अलीकडच्या दुरुस्तीची करामत नाही. तिच्यामागे 1951 मधला एक व्यवहार आहे. त्या काळी मोठे कार्यक्रम बहुतेक न्यूयॉर्कहून थेट प्रसारित होत आणि दूरच्या केंद्रांसाठी दूरचित्रवाणी संचाच्या पडद्यावरचेच चित्र कॅमेऱ्याने टिपून त्याच्या धुरकट प्रती पाठवल्या जात. प्रायोजक असलेल्या फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीला ही मालिकाही न्यूयॉर्कहून हवी होती, तर बॉल आणि त्यांचे पती डेझी आर्नाझ हॉलिवूड सोडायला तयार नव्हते. शेवटी 35 मि.मी. फिल्मवर, एकाच वेळी तीन कॅमेऱ्यांनी आणि प्रत्यक्ष प्रेक्षकांसमोर चित्रीकरण करायचे ठरले. वाढीव खर्चापोटी दोघांनी आठवड्याला 1,000 डॉलर कमी मानधन स्वीकारले आणि बदल्यात चित्रित भागांची मालकी आपल्या ‘डेझिलू’ कंपनीकडे ठेवली. फिल्म जपून ठेवण्याजोगी असते, ती पुन्हा दाखवता येते आणि पुन्हा विकता येते, हे त्या वेळी फार थोड्यांच्या ध्यानात आले होते. तिन्ही कॅमेऱ्यांना एकाच वेळी चालेल अशी प्रकाशयोजना कार्ल फ्रॉइंड यांनी केली. जर्मन मूकपटांच्या काळापासून नावाजलेला हा छायालेखक एका घरगुती विनोदी मालिकेच्या स्वयंपाकघरावर दिवे लावत होता, ही गोष्ट मला अजूनही गमतीची वाटते.

या व्यवहाराचे मोल पटवून घ्यायचे असेल तर चाचणी भाग आणि त्यानंतरचा कोणताही भाग लागोपाठ पाहावा. चाचणी भाग जुन्या पद्धतीने टिपलेला आहे. अनेक वर्षे तो हरवलेलाच समजला जात होता. त्यात काम केलेले विदूषक पेपिटो पेरेझ यांच्या घरी त्याची प्रत सापडली आणि 1990 मध्ये तो प्रथमच प्रेक्षकांपुढे आला. चित्र फिकट आहे, शेजारचे फ्रेड आणि एथेल अजून कथेत आलेले नाहीत आणि बॉल पहिल्या अपत्याच्या वेळी गरोदर असल्याने सैल कपड्यांत वावरतात. तोच मजकूर पुढे ‘द ऑडिशन’ या भागात पुन्हा वापरला आहे, त्यामुळे तुलना आयतीच होते.

संचाची खरी मालमत्ता अर्थात बॉल यांचा अभिनय. मालिका सुरू झाली तेव्हा त्यांनी नुकतीच चाळिशी गाठली होती. 1911 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या जेम्सटाउन येथे त्यांचा जन्म झाला. चौथे वर्ष सुरू असताना वडील विषमज्वराने गेले. किशोरवयात न्यूयॉर्कच्या नाट्यशाळेत त्यांचा निभाव लागला नाही. त्यानंतर मॉडेलचे काम, 1933 पासून चित्रपटांत घोळक्यातल्या सुंदर मुलीच्या भूमिका, मग दुय्यम दर्जाच्या चित्रपटांची नायिका असा त्यांचा प्रवास झाला. मेट्रो-गोल्डविन-मेयर या चित्रपट कंपनीच्या नोकरीत असताना मूकपटांतले विनोदवीर बस्टर कीटन यांच्याकडून त्यांनी हातातल्या वस्तूंशी खेळण्याची विद्या घेतली. 1948 पासून रेडिओवर केलेल्या विनोदी मालिकेने त्यांना प्रेक्षकांसमोर बोलण्याचा सराव दिला. या सगळ्या वर्षांची कमाई पहिल्या पर्वात एकदम खर्ची पडलेली दिसते.

‘लुसी डझ अ टीव्ही कमर्शियल’ हा भाग त्याचा सर्वांत चांगला दाखला आहे. नवरा रिकी (आर्नाझ) याच्या कार्यक्रमात ‘व्हिटामीटाव्हेजामिन’ नावाच्या टॉनिकची जाहिरात करण्यासाठी लुसी उभी राहते. टॉनिकमध्ये 23 टक्के मद्यार्क आहे हे तिला ठाऊक नसते आणि प्रत्येक तालमीला एक चमचा घ्यावाच लागतो. पहिल्या चमच्याला चेहरा आंबतो आणि हसू मात्र जाहिरातीपुरते टिकून राहते. नंतर चव आवडू लागते. मग शब्दांची सांधेजोड सुटत जाते. बॉल यांनी नशा एकदम दाखवलेली नाही. तेच वाक्य प्रत्येक खेपेस एका ठिकाणी थोडे अधिक घसरते आणि ते सावरण्याची लुसीची धडपड नशेपेक्षा जास्त हसवते. इथे चुकून झाल्यासारखे काहीही नाही, सर्व काही बसवलेले आहे, असे दोनतीनदा पाहिल्यावर कळते. आणि तरीही हसू येतेच. ‘द बॅले’मधील सरावदांड्यात अडकलेला पाय किंवा ‘पायोनियर वुमेन’मध्ये भट्टीतून बाहेर येत लुसीला ढकलत नेणारा अवाढव्य पाव हे प्रसंगही असेच वस्तूंवर बेतलेले आहेत.

अर्थात हे एकट्याचे काम नव्हते. जेस ओपनहायमर, मॅडलिन प्यू आणि बॉब कॅरल यांनी लिहिलेली पटकथा प्रत्येक वेडाचाराला कारण पुरवते, तर एथेलच्या भूमिकेतील व्हिव्हियन व्हान्स प्रत्येक बेताला आधी नकार देऊन मग त्यात पूर्ण बुडतात. ऐकू येणारे हशे तिथे बसलेल्या प्रेक्षकांचेच आहेत. बॉल यांच्या मातोश्रीही नेहमी त्यांत असत.

काही गोष्टी आज खटकतील. रिकी बायकोला खर्चाला मोजून पैसे देतो, दमदाटी करतो, प्रसंगी लहान मुलासारखे चोपतोही, आणि प्रेक्षक त्यालाही हसतात. मूळ प्रसारणाच्या स्वरूपात भाग पाहण्याची सोय संचात आहे. ती निवडली तर सुरुवातीला सिगारेटच्या पाकिटाभोवती बागडणारी लुसी-रिकीची व्यंगचित्रे दिसतात. मालिकेच्या शीर्षकातले सॅटिनवरचे प्रसिद्ध हृदयचिन्ह नंतरच्या पुनःप्रसारणासाठी केलेले आहे. मी मूळ स्वरूपच निवडेन. ही मालिका कोणाच्या पैशावर उभी होती हे त्यात लपत नाही.

बॉल यांच्या पुढच्या आयुष्याबद्दल अर्थातच या संचात काही मिळणार नाही. 1960 मधील घटस्फोट, 1962 मध्ये आर्नाझ यांचा हिस्सा विकत घेऊन हाती घेतलेला डेझिलूचा कारभार, त्याच कंपनीतून निघालेली ‘स्टार ट्रेक’ ही विज्ञानकथा मालिका, 1967 मधील कंपनीची विक्री आणि 1986 मधली अल्पजीवी शेवटची मालिका यांसाठी चरित्रे वाचावी लागतील.

इंग्रजी संवाद वेगाने येतात आणि आर्नाझ यांचे क्यूबन उच्चार त्यात भर घालतात, म्हणून एका बैठकीत दोन भाग पुरेत. पहिल्या तबकडीपासून क्रमाने जाण्याचीही गरज नाही. सुरुवातीच्या भागांत मंडळी अजून एकमेकांचा अंदाज घेत आहेत. जाहिरातीच्या भागापासून सुरुवात करावी, मग ‘द फ्रीझर’ आणि ‘द बॅले’ पाहावेत. स्वतःच्या गरोदरपणाला कथेत आणण्याचा बॉल यांचा धाडसी प्रयोग आणि चॉकलेटच्या कारखान्यातला गोंधळ दुसऱ्या पर्वात आहे. त्याचा ब्लू-रे संच 2015 मध्ये निघाला आणि तो वेगळा घ्यावा लागतो.