चार्जबॅक आला: लढायचं की सोडून द्यायचं?
चार्जबॅक म्हणजे ऑनलाइन ऑर्डरचे पैसे कस्टमरने तुमच्याकडे न मागता बँकेत तक्रार करून परत मागणं. कस्टमरने बँकेला सांगितलं की पार्सल मिळालंच नाही, पण तुमच्याकडे कुरियरचं ट्रॅकिंग, डिलिव्हरीचा ओटीपी, बिल, व्हॉट्सअॅप चॅट सगळं आहे, तर बिनधास्त लढा, सगळं एकत्र करून पेमेंट गेटवेच्या (तुमची ऑनलाइन पेमेंट घेणारी कंपनी) डॅशबोर्डवर मुदतीच्या आत टाका, मुदत गेली की पुरावा कितीही पक्का असो, केस गेलीच म्हणून समजा. पैठणीसारखी महागाची ऑर्डर असेल तर मी तरी सोडणार नाही.

पुरावाच नाही किंवा खरंच चुकीचा माल गेलाय, मग उगाच ताणू नका, डॅशबोर्डवर अॅक्सेप्ट करून मोकळे व्हा. फक्त घाबरून कस्टमरला वेगळा रिफंड पाठवू नका हां, चार्जबॅकचे पैसे तिकडून कापले जातात आणि रिफंडचे इकडून, म्हणजे एकाच ऑर्डरचा दोनदा फटका.