सातारा: ज्येष्ठांच्या पायांसाठी फिजिओथेरपी, दोन महिन्यांचा अनुभव

एसटीत ३१ वर्षं कंडक्टर होतो. खंबाटकीच्या वळणावर गाडी झुकली तरी दांडीला हात न लावता तिकिटं फाडायचो, पाय आपोआप सांभाळून घ्यायचे. तेच पाय ७१व्या वर्षी सातारा स्टँडवर एसटीच्या पहिल्या पायरीला अडकले. चवडा उचलला असं मला वाटलं, पण तो पुरता उचललाच गेला नव्हता. मागच्या पोराने धरलं म्हणून पडलो नाही. त्या रात्री झोप लागली नाही.

आधी दुसऱ्या एका ठिकाणी दहा दिवस गेलो होतो. तिथे नुसता शेक आणि मशीन, उभं राहून दाखवा असंही कुणी म्हटलं नाही. मग साताऱ्यातल्या या फिजिओथेरपी केंद्रात आलो. इथे पहिल्या दिवशी तपासणीलाच पाऊण तास दिला. हात छातीवर बांधून ३० सेकंदांत खुर्चीतून जितक्या वेळा उठता येईल तितकं उठायचं. मी ८ वेळा उठलो. माझ्या वयाच्या पुरुषाला १२ तरी जमायला हवं, असं इथल्या फिजिओथेरपिस्ट मॅडम म्हणाल्या. मग थरथरणारा धातूचा काटा पायाला लावला. घोट्याला थरथर कळली, अंगठ्याला कळली नाही. "काका, आधी डॉक्टरांना दाखवून बी-१२ आणि साखर बघून घ्या," म्हणून चिठ्ठी दिली. साखर ठीक होती, बी-१२ कमी निघालं. हे एवढं लक्षात घेतल्याबद्दलच मी त्यांचे आभार मानतो.

रोज ५ किलोमीटर चालतो, मग पाय कमजोर कसे, हे मी विचारलं. मॅडमनी चित्र काढून समजावलं, आणि मला ते आमच्या डेपोसारखं वाटलं. मज्जारज्जूतली, म्हणजे पाठीच्या कण्यातल्या नसांच्या दोरीतली, एकेक चेतापेशी म्हणजे ड्रायव्हर, तिच्या ताब्यातले शेकडो स्नायूतंतू म्हणजे गाड्या. साठीनंतर या पेशी कमी होत जातात. काही तंतूंना शेजारची पेशी आपल्याकडे घेते, बाकीचे सुकतात. ड्रायव्हर थोडे आणि प्रत्येकाकडे गाड्या जास्त, त्यामुळे बारीक ताबा राहत नाही. निरोपही हळू पोचतो. त्यात जलद आकसणारे तंतू जास्त बारीक होतात, आणि ठेच लागल्यावर तोल सावरायला नेमके तेच लागतात. म्हणून मांडी फारशी बारीक दिसत नसली तरी जोर घटलेला असतो, आणि जोरापेक्षाही चपळाई आधी जाते. सावकाश चालण्यात या जलद तंतूंना कामच पडत नाही.

व्यायाम त्याच हिशोबाने दिले. खुर्चीतून झटकन उठायचं, बसताना मात्र सावकाश. टाचा उचलणं, घोट्याला वजनाची पट्टी बांधून पाय सरळ करणं, नडगीच्या स्नायूसाठी बसून चवडे वर ओढणं, भिंतीजवळ एका पायावर उभं राहणं. वजन दर आठवड्याला थोडं वाढवलं. "या वयात काय वाढणार?" असं मी म्हणालो, तेव्हा त्यांनी १९९० सालचा बोस्टनचा प्रयोग सांगितला. वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या दहा जणांकडून आठ आठवडे जड वजनाचे व्यायाम करून घेतले. नऊ जणांनी ते पूर्ण केले आणि त्यांच्या मांडीची ताकद सरासरी पावणेतीन पट झाली. मी त्यानंतर एकही दिवस चुकवला नाही.

तिसऱ्याच आठवड्यात जिना हलका वाटू लागला. इतक्यात स्नायू वाढत नाही, नसा आहेत त्याच तंतूंना जास्त जोमाने कामाला लावू लागतात, असं त्यांनी सांगितलं. दोन महिन्यांनी खुर्चीची चाचणी ११वर आली. १२ अजून झालेले नाहीत. एसटीची पहिली पायरी आता दांडी धरून पण न अडखळता चढतो.

एक गोष्ट मनापासून खटकते. केंद्र पहिल्या मजल्यावर आहे आणि जिन्याला कठडा एकाच बाजूला. उतरताना तो डाव्या हाताला येतो, ज्यांचा उजवा हातच धड आहे त्यांनी काय करायचं? दोनदा सांगितलं, दुसऱ्या बाजूचा अजून बसवलेला नाही. फी एका वेळेची ३०० रुपये, आठवड्यातून तीन दिवस. संध्याकाळी गर्दी असते आणि मॅडमना प्रत्येकाकडे बघायला वेळ पुरत नाही. सकाळी ८ची वेळ मागून घ्या, बूट घालून जा, आणि पहिल्या दिवशी घरातलं कुणीतरी सोबत न्या.